आठवीच्या मुलांना सारांश लिहायला कसं शिकवावं? 'स्वतःच्या शब्दांत' म्हणजे नक्की कुणाच्या?

पेडण्याची बाई | १४ जुलै, रात्री ९.५०

नमस्कार. एरवी मी इथे नुसती वाचून जाते. आज लिहायला बसले, कारण पुढ्यात आठवीच्या एकेचाळीस वह्या आहेत, तपासून झाल्यात अकरा, आणि त्या अकरांनीच माझा जीव आंबवलाय. बाहेर पाऊस असा लागलाय की वीज जायच्या आत हे पाठवलेलं बरं.

मी पेडणे तालुक्यातल्या एका हायस्कूलात मराठी शिकवते. गोव्याबाहेरच्यांसाठी थोडं सांगते, नाहीतर माझी अडचण कळायची नाही. आमची बहुतेक मुलं चौथीपर्यंत गावच्या सरकारी मराठी शाळेत असतात. पाचवीला हायस्कूलात आली की माध्यम इंग्रजी, आणि मराठी हा एक विषय उरतो. घरात, बसमध्ये, मैदानावर चालते ती पेडण्याची बोली. कोकणीच, पण पलीकडच्या सिंधुदुर्गातल्या मालवणीला खेटून बसलेली. म्हणजे विज्ञान इंग्रजीत, निबंध मराठीत आणि भांडण बोलीत.

पाठ्यपुस्तकातला उतारा दिला की गाईडातला सारांश जसाच्या तसा वहीत उतरतो. म्हणून यंदा उतारा मीच लिहिला. मुलांच्या घराजवळचाच विषय घेतला. हा बघा:

'गोव्यातील नद्यांच्या मुखांजवळची सखल जमीन भरतीच्या वेळी खाऱ्या पाण्याखाली जात असे. आपल्या पूर्वजांनी माती, चिखल, पेंढा आणि दगड वापरून बांध घातले व ही जमीन लागवडीखाली आणली. या जमिनीला खाजन म्हणतात. बांधात ठिकठिकाणी मानस असते. मानशीला लाकडी दारे असतात. भरतीचे पाणी चढू लागले की त्याच्या दाबाने ही दारे आपोआप बंद होतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. त्यामुळे खारे पाणी आत शिरत नाही आणि पावसाचे साचलेले पाणी बाहेर जाते. खाजनात कोरगुट नावाचे, खारटपणा सोसणारे भात पिकते. मानशीपाशी जाळे लावून मासे व कोळंबी पकडतात. बांध फुटला तर शेतात खारे पाणी घुसते आणि पुढे काही वर्षे नीट पीक येत नाही. पूर्वी बांधांची देखभाल गावकारी करीत असे.'

(गावकारी म्हणजे गावच्या जमिनीची सामाईक व्यवस्था बघणारी जुनी संस्था.) खाली सूचना दिली, आपण सगळेच देतो तीच: 'वरील उताऱ्याचा एक तृतीयांश सारांश स्वतःच्या शब्दांत लिहा व योग्य शीर्षक द्या.'

आलं काय? सहाजणांनी पहिलं वाक्य उचललं, दुसरं सोडलं, तिसरं उचललं, चौथं सोडलं. भरलेल्या बसमध्ये एक सीट सोडून बसल्यासारखं. तेवढ्यात शब्द भरले, वही बंद. तिघांनी उतारा बाजूलाच ठेवला आणि लिहिलं, 'या उताऱ्यावरून आपल्याला असा बोध मिळतो की आपण निसर्गाचे रक्षण केले पाहिजे.' मी कुठे निसर्गाचं रक्षण म्हटलं होतं? मानशीचं दार कसं चालतं ते सांगत होते मी. एकाने 'खाजन शेती ही गोव्याच्या समृद्ध वारशाचा अविभाज्य भाग असून' अशी सुरुवात केलीय. हा मुलगा 'अविभाज्य' हा शब्द गणितात तरी वापरतो का मला शंका आहे. फोनला विचारलं असणार.

अकरावी वही एका मुलीची. दोनच ओळी, त्याही अर्धवट. ही मिठागराच्या बाजूची, बापाबरोबर बांधावरून चालत मोठी झालेली. तिला नाही येत म्हणजे काय? मधल्या सुट्टीत बोलावलं. म्हटलं, काय गो, उतारा वाचलास मां? मग मला सांग त्यात काय आहे ते. ती म्हणाली,

'बाई, भरती इली की दार आपशीच धापता. सुकती लागली की उघडता. खारा पाणी भितर येना. बांध फुटलो की शेत गेला.'

एवढंच. मी थक्क. इतका नेटका सारांश मला स्वतःला जमला नसता. म्हटलं, मग हेच लिहायचंस की! तर माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मीच उत्तरपत्रिका चुकवली. म्हणाली, 'बाई, पण ह्यां मराठी न्हय.'

ते वाक्य तीन दिवस डोक्यातून जात नाही. वीस वर्षं मी 'स्वतःच्या शब्दांत लिहा' असं फळ्यावर लिहीत आलेय. तिचे स्वतःचे शब्द तर हे आहेत. आणि ते चालत नाहीत, हे तिला कुणी न सांगता कळलेलं आहे.

तर जाणकारांनो, तुम्ही कसं शिकवता? नियम नकोत, ते माझ्याकडे आहेत. वर्गात प्रत्यक्ष काय करता ते सांगा.

---

डिचोलीचे निवृत्त मास्तर | १५ जुलै, सकाळी ६.१५

बाई, नियम नकोत म्हणालात तरी एका नियमापासूनच सुरुवात करतो, राग मानू नये. पहिल्या वाचनात पेन्सिल हातात घेऊ द्यायची नाही. आमची पोरं पहिल्या ओळीपासून अधोरेखन सुरू करतात आणि खाली येईस्तोवर सगळा उतारा अधोरेखित झालेला असतो. मी तीन वाचनं करून घेत असे. पहिलं हात बांधून. दुसऱ्यात प्रत्येक परिच्छेदाशेजारी समासात फक्त दोन शब्द. तिसऱ्यानंतर पुस्तक पालथं, आणि त्या दोन-दोन शब्दांवरून लेखन. पुस्तक पालथं घातलं की नक्कल आपोआप थांबते, कारण नकलायला समोर काही नसतं.

बोध लिहिणाऱ्या तिघांविषयी. दोष त्यांचा नाही, आपला आहे. पहिलीपासून प्रत्येक गोष्टीच्या खाली आपण 'तात्पर्य' लिहून घेतो. ससा-कासव असो, लाकूडतोड्या असो, शेवटी तात्पर्य. पोराच्या मनात पक्कं बसतं की वाचलेल्याचं थोडक्यात म्हणजे उपदेश. माझ्या वर्गात मी फळ्याचे दोन भाग करत असे. डावीकडे 'लेखक काय म्हणाला', उजवीकडे 'मला काय वाटलं'. सारांश लिहिताना उजवी बाजू पुसून टाकायची. पुसताना पोरांना मजा यायची, आणि फरकही कळायचा.

बोलीबद्दल मात्र जरा सांभाळून. वर्गात बोली आली की ती लेखनात उतरते, आणि परीक्षक पेडण्याचा असेलच असं नाही.

---

फोंड्याहून | १५ जुलै, दुपारी १.०५

मी बी. एड. केलं त्याला दोनच वर्षं झालीत, त्यामुळे अनुभव कमी आणि वाचलेलं ताजं. बाई, तुमच्या त्या सहाजणांना शास्त्रात नाव आहे. अ‍ॅन ब्राउन आणि जीन डे या दोघींनी १९८३ साली हेच तपासलं होतं. पाचवी-सातवीची मुलं, मोठी मुलं आणि कॉलेजातले विद्यार्थी सारांश कसा करतात, ते. लहान मुलं बहुतेक एकच गोष्ट करतात: वाक्यं गाळायची आणि उरलेली जशीच्या तशी उतरवायची. तुमची बसची सीट म्हणजे तेच. म्हणजे पोरं आळशी नाहीत, पहिल्या पायरीवर आहेत. गाळता येणं ही पायरीच आहे, फक्त पुढच्या पायऱ्या कुणी दाखवलेल्या नसतात.

त्या पायऱ्या तुमच्याच उताऱ्यावर लावून बघते. गैरलागू आणि दोनदा आलेलं गाळणं, ही झाली पहिली. मग यादीच्या जागी एक शब्द: 'माती, चिखल, पेंढा आणि दगड' याऐवजी 'हाताशी असलेलं साहित्य', आणि 'मासे व कोळंबी' याऐवजी 'मासळी'. (हे तर आपल्या गोंयकारांना शिकवायलाही नको.) त्याच्या पुढे, उताऱ्याचं मुख्य वाक्य शोधणं. आणि सगळ्यात अवघड म्हणजे मुख्य वाक्य उताऱ्यात नसेल तर ते आपण तयार करणं. तुमच्या उताऱ्यात ते नाहीच! 'समुद्राच्या पाण्याला अडवून आणि वापरून आपल्या लोकांनी शेती व मासेमारी दोन्ही साधली' असं वाक्य तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही. ते मुलाने बनवायचं. म्हणजे तुम्ही एकदम शेवटच्या पायरीचा उतारा दिलात.

मी सुरुवातीला मुख्य वाक्य पहिल्याच ओळीत असलेले उतारे देते. मग ते मधे लपवते. शेवटी काढून टाकते.

आणखी एक. १९८४ मध्ये पॅलिन्कसर आणि ब्राउन यांनी एक पद्धत मांडली. मुलं आळीपाळीने शिक्षक होतात. परिच्छेद वाचून झाला की त्या वेळचा 'शिक्षक' मुलगा त्यावर प्रश्न विचारतो, थोडक्यात सांगतो, अडलेला शब्द सोडवतो आणि पुढे काय येईल याचा अंदाज बांधतो. सारांश एकटा कोपऱ्यात बसून लिहायचा नाही, चारचौघांत बोलायचा. माझ्या वर्गात पहिल्या आठवड्यात नुसता गोंधळ झाला. चौथ्या आठवड्यात मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते.

---

उपसंपादक, रात्रपाळी | १६ जुलै, रात्री २.४०

पान सोडलं, आता बसलोय. पणजीत एका दैनिकात बातम्या कापणं हाच माझा धंदा आहे, म्हणून चार ओळी.

आमच्याकडे गावागावांतून बातमीदारांच्या बातम्या येतात. समजा, एखाद्या मंदिरातला भजनी सप्ताह. चारशे शब्दांची बातमी, जागा ऐंशी शब्दांची. चारशेतले अडीचशे शब्द व्यासपीठावर कोण होतं, स्वागत कुणी केलं, सूत्रसंचालन कुणी केलं आणि आभार कुणी मानले यात गेलेले. सप्ताह कधी सुरू होतो ते शेवटून दुसऱ्या ओळीत. तुमचा विद्यार्थी एक सोडून एक वाक्य उचलतो, तसं मी केलं तर स्वागत छापून येईल आणि तारीख राहून जाईल. मोठमोठ्या माणसांचे फोन येतात ते वेगळंच, नावं कापली म्हणून. तारीख कापली म्हणून आजवर एकाचाही फोन आलेला नाही.

आमची युक्ती म्हणजे आधी मथळा लिहायचा. मुलं शीर्षक शेवटी देतात, 'खाजन शेती' असं काहीतरी. ते शीर्षक नव्हे, फाईलवरचं लेबल. मथळ्यात क्रियापद पाहिजे. 'मानस अडवते खारे पाणी'. हे चार शब्द आधी लिहिले की उताऱ्यातलं प्रत्येक वाक्य त्यांच्यापुढे उभं करायचं: तू याच्या कामाचं आहेस का? कोळंबीला थोडं थांबावं लागेल.

'कोण, काय, कधी, कुठे, का, कसे' हे बातमीला चालतं, तुमच्या उताऱ्याला चालणार नाही. तो बातमी नाही, यंत्र कसं चालतं त्याचं वर्णन आहे. तिथे 'की', 'त्यामुळे', 'तर' यांच्याभोवती गोल करायला सांगा. तुमच्या उताऱ्यात 'चढू लागले की', 'त्यामुळे', 'फुटला तर' अशा तीन जागा आहेत. आता त्या मुलीचं बोलणं परत वाचा. 'इली की', 'लागली की', 'फुटलो की'. तिने नेमके सांधे तेवढे ठेवले आणि बाकी सगळं टाकलं. तिला आमच्याकडे पाठवा, रात्रपाळीला माणूस कमी आहे.

---

मांडवीकाठ | १६ जुलै, सकाळी ९.२०

मुलगी कोकणीत उत्तम सांगते, तर कोकणीतच लिहू द्या. मराठीचा हट्ट कशाला?

---

पेडण्याची बाई | १६ जुलै, रात्री ८.३०

मांडवीकाठ, कोकणी-मराठीचा तो वाद १९६७ च्या जनमत कौलाच्याही आधीपासून चाललाय आणि १९८७ च्या राजभाषा कायद्यानेही मिटला नाही. माझ्या आठवीच्या तासात तर तो मिटणारच नाही. माझा विषय मराठी आहे, पगार त्याचा घेते. माझा प्रश्न एवढाच आहे की बोलीतून मराठीत यायला मधे पूल घालायचा की मुलांनी उडी मारायची.

मास्तर, फळा पुसण्याची युक्ती उद्याच करते. फोंड्याच्या मुली, तू बरोबर पकडलंस, मी शेवटच्या पायरीचा उतारा दिला. वाईट वाटलं, पण पटलं. रात्रपाळीवाले, तुमचा निरोप मुलीला दिला. 'बातम्या कापून पगार मिळता?' असं तिने दोनदा विचारलं.

---

गोषवारा | १७ जुलै, सकाळी १०.१०

नाव बघून आत आलो असं नाही, नाव माझंच जुनं आहे. मी मामलेदार कचेरीत कारकून होतो, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. आमच्याकडे 'सारांश' कुणी म्हणत नसे, 'गोषवारा' म्हणत. वीस पानांच्या नोंदी असल्या की शेवटी एका पानात गोषवारा. हा शब्द फारसी, मूळ अर्थ कानातला दागिना. कानाएवढ्या जागेत मावेल तेवढंच ठेवायचं, असं मी नव्या पोरांना सांगत असे. (ही व्युत्पत्ती नव्हे, माझी पदरची पुस्ती.)

गोषवारा जमला की नाही हे ओळखायची आमची कसोटी सोपी होती. साहेबाने मूळ कागद न बघता सही करावी आणि नंतर अडचणीत येऊ नये. म्हणजे गोषवारा मूळ कागद ज्याने वाचलेला नाही त्याच्यासाठी असतो. शाळेत उलटं आहे. मूल ज्या बाईंसाठी सारांश लिहितं त्यांनी उतारा आधीच वाचलेला असतो, इथे तर लिहिलेलाच आहे! मग सांगायचं कुणाला? मूल मनात म्हणतं, हिला सगळं ठाऊक आहे, थोडं उतरवून देऊ.

दुसरं, तार. तुमच्या मुलांनी ती पाहिलेली नसेल, जुलै २०१३ मध्ये ती सेवा बंद झाली. तारेला शब्दागणिक पैसे पडत. मुंबईला असलेल्या थोरल्या भावाला तार करायला वडिलांनी एकदा मला पाठवलं. मी घरून दहा-बारा शब्द घोकत गेलो होतो. पोस्टातल्या माणसाने पैसे सांगितले तसे दारातच चार शब्द उरले. एक शब्द म्हणजे एक रुपया असं वर्गात ठरवून खोट्या नोटा द्या आणि गंमत बघा.

जाता जाता एक दुरुस्ती. 'पूर्वी बांधांची देखभाल गावकारी करीत असे' हे खरं, पण वाक्य तिथे सोडू नका. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर जमीन कसणाऱ्यांचे हक्क बदलले आणि बांधाची जबाबदारी कुळांच्या संघांकडे गेली. किती बांध तेव्हापासून कुणाचेच नसल्यासारखे आहेत ते मी फायलींत बघितलेलं आहे. पण तो विषय निघाला तर हा धागा बांधासारखाच फुटेल.

---

म्हापशाचा बाबा | १७ जुलै, दुपारी ४.००

पालक म्हणून एक. माझा मुलगा नववीत, सारांश फोनकडूनच करून घेतो. ओरडून उपयोग झाला नाही. मग एकदा फोनचा सारांश आणि मूळ धडा दोन्ही पुढे ठेवले आणि म्हटलं, यात नसलेली एक गोष्ट शोध, दहा रुपये. त्याने तीन शोधल्या. शिवाय धड्यात नसलेली एक गोष्ट फोनने पदरची घातली होती, तीही सापडली. तीस की चाळीस यावरून भांडण झालं, पण धडा त्याने दोनदा वाचला.

---

पेडण्याची बाई | ९ ऑगस्ट, सायंकाळी ५.२०

मंडळी, तीन आठवडे गायब होते, माफ करा. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधी घटक चाचणी उरकायची असते. आता काय काय केलं ते सांगते.

फळा पुसण्याने बोध थांबला. एका दिवसात. मास्तर, इतकी वर्षं हे मला कुणी का सांगितलं नाही?

खोट्या नोटांचा खेळ फसला. मुलांनी शब्द वाचवायला संधी केल्या. एकाने 'खारपाणीरोधकदार' असा एक रुपयाचा शब्द बनवला. हुशारीबद्दल त्याला एक नोट परत द्यावी लागली.

खरं काम केलं ते गोषवाराकाकांच्या 'ज्याने वाचलेलं नाही' या गोष्टीने. मी वर्ग दोन भागांत केला. अर्ध्यांना खाजनाचा उतारा सुधारून, मुख्य वाक्य पहिल्या ओळीत घालून. अर्ध्यांना माटोळीवरचा नवा उतारा: चवथीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात, तिला नारळ, सुपारीची शिपटी, तोरिंग, चिबूड आणि रानातली कांगलां, घागऱ्या असं काय काय बांधतात, आणि त्यासाठी म्हापशापासून वाळपईपर्यंत बाजार कसे भरतात, वगैरे. वाचायला दहा मिनिटं. मग कागद माझ्या टेबलावर. मग खाजनवाला एक आणि माटोळीवाला एक अशा जोड्या. एकाने आपला उतारा दुसऱ्याला सांगायचा, हव्या त्या भाषेत. आणि लिहायचं ते सांगणाऱ्याने नव्हे, ऐकणाऱ्याने. मराठीत. मग सांगणाऱ्याने तपासायचं: मी सांगितलं ते यात आहे का, आणि न सांगितलेलं काही घुसलं का.

गलका एवढा झाला की शेजारच्या वर्गातले गणिताचे सर दारात येऊन उभे राहिले. पण मी बाकांमधून फिरत होते तेव्हा जे ऐकलं ते वीस वर्षांत ऐकलं नव्हतं. 'अरे, पण दार आपशीच कशां धापता? कोण ओढता?' असं ऐकणाऱ्याने विचारलं आणि सांगणारा अडला. त्याला वाचताना दाबाचं वाक्य बिनमहत्त्वाचं वाटलं होतं, म्हणून गाळलेलं. धावत टेबलाकडे आला, 'बाई, एकदाच बघतंय!' बघितलं आणि परत गेला. मी 'महत्त्वाचा मुद्दा गाळू नये' असं शंभरदा सांगून जे झालं नसतं ते समोरच्याच्या एका प्रश्नाने झालं.

आणि नक्कल संपली. ऐकलेलं कोकणीत, लिहायचं मराठीत, मग उताऱ्यातलं वाक्य येणार कुठून? ऐकणाऱ्याला स्वतःचं वाक्य जुळवावंच लागतं. माझा पूल तो हाच निघाला, आणि तो एका डोक्यात नाही, दोन डोक्यांच्या मधे आहे.

आता ज्यात मी हरले ते. माटोळीच्या उताऱ्यात मला वाटलं होतं की फोंड्याच्या मुलीची 'यादीच्या जागी एक शब्द' ही पायरी छान बसेल. 'रानातली फळं-फुलं' म्हटलं की झालं. पण एकही जोडी ऐकेना. सगळ्यांनी सगळी नावं लिहिली, काहींनी तर माझ्या उताऱ्यात नसलेली दोन-चार वर घातली. एकाला म्हटलं, अरे, एवढी नावं सारांशात नसतात. तर म्हणतो, 'बाई, शुक्रवारी बाजारात जावन रानातली फळां-फुलां दी म्हटला तर ती बायल काय दितली?'

मला उत्तर सुचलं नाही. कुणाला सुचत असेल तर सांगा.

मिठागराकडच्या मुलीने खाजन सांगितलं आणि तिच्या जोडीदाराने लिहिलं, एकूण चार ओळी. त्यात 'सुकतीला दारे उघडतात' असं आहे. मी 'सुकती'वर गोल केला, बाजूला पेन्सिलीने 'ओहोटी' लिहिलं आणि गुण कापले नाहीत. मास्तरांना हे आवडणार नाही, माहीत आहे.

---

उपसंपादक, रात्रपाळी | १० ऑगस्ट, रात्री १.५५

त्या पोराचं बरोबर आहे. बाजाराला जाणाऱ्यासाठी यादी हाच सारांश. भजनी सप्ताहाच्या बातमीत नावं कापली म्हणून ओरडणारेही त्यांच्या बाजूने बरोबरच असतात, त्यांना तारीख आधीच ठाऊक असते. प्रश्नातच लिहा ना, 'माटोळी कधीच न पाहिलेल्या पुण्याच्या मुलाला सांग' आणि 'उद्या बाजाराला जाणाऱ्या आईला सांग'. एकाच उताऱ्याचे दोन सारांश येतील. पहिल्यात चौकट आणि गणपती राहील, दुसऱ्यात चौकट जाईल आणि कांगलां राहतील.

---

फोंड्याहून | १० ऑगस्ट, सकाळी ७.३०

'ती बायल काय दितली' माझ्या वर्गाच्या भिंतीवर लावू का? आणि माझी पायरी मोडली नाही हं, तुमच्या मुलांनी फक्त विचारलं की कुणासाठी चढायची.

---

डिचोलीचे निवृत्त मास्तर | १० ऑगस्ट, सकाळी ७.५०

बाई, 'सुकती' शब्द चांगला आहे. मी स्वतः घरी तोच बोलतो. तरी बोर्डाच्या परीक्षेआधी पेन्सिलीने लिहिलेलं 'ओहोटी' पेनाने गिरवून घ्या, एवढंच सांगतो.

आणि त्या गणिताच्या सरांना पुढच्या वेळी दारात उभं करू नका. आत बोलवा. त्यांनी उतारा वाचलेला नाही.